वाघनखं आणि त्यांची डबी

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये वाघनखांचा एक जोड आहे. म्युझियमने त्याच्या नोंदीत एक गोष्ट आडपडदा न ठेवता लिहिली आहे: प्रतापगडाखाली अफजलखानाला मारताना शिवाजी महाराजांच्या हातात होती ती हीच, याची खातरजमा करता येत नाही. ज्यांच्या ताब्यात वस्तू आहे तेच असं म्हणत असतील, तर ऐकणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारायला हवा. जुलै २०२४ मध्ये ही वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि १९ जुलैला साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लोकांसाठी मांडली गेली. साताऱ्यानंतर नागपूर, मग कोल्हापूर आणि मुंबई असा राज्याच्या संग्रहालयांमधून त्यांचा दौरा आखला गेला. मुक्काम जिथे असेल तिथे ती जरूर पाहावीत. पण त्यांच्या निमित्ताने प्रवास करायचाच असेल, तर तो साताऱ्याचा करावा आणि त्या वधाच्या १६५९ पेक्षा १८१८ च्या शोधात करावा, असं माझं म्हणणं आहे. या वस्तूबद्दल पुराव्याने जे बोलता येतं ते सगळं त्या दुसऱ्या सालाभोवती आहे.

आधी वस्तू पाहू. पोलादाची एक आडवी पट्टी, तिच्या दोन टोकांना बोटं घालायच्या दोन अंगठ्या आणि पट्टीखाली आत वळलेल्या चार नख्या. मूठ मिटली की सगळं तळहातात दडतं आणि बाहेरून दिसतात त्या फक्त अंगठ्या. कारागिरीचा दिमाख नाही, नक्षी नाही, कुणाचं नाव नाही. ही वाघनखं कुणाची हे त्यांच्या अंगावर कुठेच लिहिलेलं नाही. लिहिलंय ते त्यांच्याबरोबर आलेल्या डबीवर. म्युझियमच्या नोंदीत त्या इंग्रजी मजकुराची नक्कल आहे. त्याचा आशय असा: शिवाजीने ज्या वाघनखांनी मोगल सेनापतीला मारलं ती ही, ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना पेशव्यांच्या पंतप्रधानाने ती त्यांना दिली. साऱ्या दाव्याचा भार या एवढ्या ओळींवर आहे, म्हणून त्या नीट तपासायला हव्यात.

अफजलखान मोगलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. पेशव्यांना ‘पंतप्रधान’ असण्याचं कारण नाही, कारण छत्रपतींचे पंतप्रधान म्हणजेच पेशवे. ज्या माणसाने मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास लिहिला आणि १८२६ साली छापला, त्याच्या हातून या दोन चुका होणं अशक्यच वाटतं. तिसरी गोष्ट त्याच्या नावाची. साताऱ्याचा कारभार पाहत होता तो कॅप्टन जेम्स ग्रँट. ‘डफ’ हे उपनाव त्याने स्कॉटलंडला परतल्यावर १८२५ च्या सुमारास ईडनची इस्टेट वारशाने मिळाली तेव्हा जोडलं. म्हणजे ‘ईडनचे ग्रँट डफ’ असं लिहिणारी डबी साताऱ्यात तयार झालेली असू शकत नाही. ती पुढे केव्हातरी तिकडेच झाली असणार, आणि मजकूर बहुधा इतिहासकाराऐवजी त्याच्या घरातल्या कुणाच्या ऐकीव आठवणीतून उतरला असावा. शेवटचं वाक्य अनुमान आहे. त्याआधीची तथ्यं मात्र कुणालाही ताडून पाहता येतील.

इथे पहिला आक्षेप येतो. डबी चुकली म्हणून वस्तू खोटी कशी ठरते? ठरत नाही, हे खरंच. चुकीची चिठ्ठी लावलेली वस्तूही अस्सल असू शकते. पण मग अस्सलपणाचा पुरावा दुसरीकडून यायला हवा. अफजलखानाच्या वधाबद्दलची साधनं पाहिली तर कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात, म्हणजे महाराजांच्याच पदरच्या कवीच्या ग्रंथात, भर कृपाणावर आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९० च्या दशकात, राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या बखरीत बिचवाही आहे आणि वाघनखंही. म्हणजे वाघनखांची परंपरा जुनी आणि भरवशाची आहे, ती कुणी इंग्रजाने रचलेली नाही. महाराजांनी वाघनखं वापरली असं मानायला सभासद पुरेसा आहे. पण सभासदाने सांगितलेली वाघनखं आणि ईडनच्या डबीतली वाघनखं यांना जोडणारा दुवा त्या दोन्हींमधल्या सुमारे १६० वर्षांत कुठेच सापडत नाही.

प्रतापगडावर तो दुवा सापडेल या आशेने जाऊ नये. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने गड फार लांब नाही. मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली उठलेली तटबंदी, भवानीचं देऊळ, १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांचे काळे झेंडे झेलत पंडित नेहरूंनी अनावरण केलेला अश्वारूढ पुतळा, सगळं दोन तासांत पाहून होतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं त्यांत हा गड आहे. पण इथल्या वाटाड्यांच्या सांगण्यात भेटीच्या शामियान्यातला शब्द न् शब्द असतो, महाराज काय म्हणाले, खान काय म्हणाला. हे कुठल्या बखरीत आहे एवढं मात्र नसतं. गर्दीच्या दिवसांत तर एका टोळीचं सांगणं संपायच्या आत दुसरीचं सुरू होतं. इतिहास ऐकायचा असेल तर घाट चढून परत साताऱ्याला यावं.

वाद साताऱ्यातच खरा रंगतो. कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी लंडनची वाघनखं महाराजांची नाहीत असं जाहीरपणे मांडलं आणि अस्सल वाघनखं साताऱ्याच्या राजघराण्याकडेच राहिल्याचं म्हटलं. सरकारपक्षाने ती महाराजांचीच असल्याचं ठामपणे सांगितलं. सावंतांचा पहिला मुद्दा मला पटतो; दाव्याचं ओझं दावा करणाऱ्यावर असतं आणि म्युझियमच ते उचलायला तयार नाही. म्युझियमच्या नोंदीत अशीही शक्यता सुचवली आहे की १८१८ मध्ये शरण गेलेल्या दुसऱ्या बाजीरावाकडून ही वस्तू आली असावी. ती मला लंगडी वाटते. बाजीराव शरण गेला तो असीरगडाजवळ, इंग्रज अधिकारी जॉन माल्कमला. ग्रँट तेव्हा साताऱ्याच्या बाजूला होता. छत्रपतींचं खास शस्त्र पेशव्यांच्या घरात असण्यापेक्षा छत्रपतींच्या जामदारखान्यात असणंही जास्त साहजिक. मात्र दोन्ही पक्ष ‘खरं की खोटं’ या एकाच प्रश्नावर अडकून बसले आणि जास्त फलदायी प्रश्न बाजूला राहिला: साताऱ्याच्या दरबारातून असली वस्तू एका इंग्रज कॅप्टनच्या हाती जावी, अशी वेळ का आली?

या प्रश्नाचं उत्तर शहरभर पसरलेलं आहे. फेब्रुवारी १८१८ मध्ये अजिंक्यतारा इंग्रजांना मिळाला आणि त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. पेशव्यांच्या छावणीत जवळजवळ कैदेत असलेले पंचवीस वर्षांचे छत्रपती प्रतापसिंह तिथेच इंग्रजांच्या हाती आले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. सप्टेंबर १८१९ च्या तहाने राज्य दिलं, पण कारभार ठेवला ग्रँटच्या हातात, राजा तयार होईपर्यंत. तो प्रतापसिंहांकडे आला १८२२ साली. या चार वर्षांत तिशीच्या आसपासचा हा स्कॉटिश अधिकारी एकाच वेळी राज्याचा चालक, राजाचा शिक्षक आणि राजाच्या पूर्वजांचा इतिहासकार होता. अशा माणसाला दरबारातून नजराणे जातात, जुनी दप्तरं उघडून दाखवली जातात, घराण्याच्या आठवणी सांगितल्या जातात. देणारा कोण हे डबी चुकीचं सांगत असेल. देण्याघेण्याचा तो काळ मात्र खरा आहे.

प्रतापसिंहांचं पुढे जे झालं ते कळल्यावर साताऱ्यात इतर स्थळांची यादी हातात धरून फिरवत नाही. या राजाने राजवाडा बांधला, महाबळेश्वरपर्यंत रस्ता नेला, शाळा काढली, छापखाना घातला. १८२९ साली महाबळेश्वरची जागा इंग्रजांना देऊन बदल्यात खंडाळा गाव घेतलं. एवढा निष्ठेने वागलेला राजा कंपनीने १८३९ मध्ये कटाच्या आरोपावरून पदच्युत करून काशीला धाडला, आणि १८४७ साली तो तिथेच वारला. त्याची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी वर्षानुवर्षं लंडनमध्ये अर्ज, भाषणं, पत्रकं करत राहिले आणि रिकाम्या हाताने परतले. १८४८ मध्ये प्रतापसिंहांच्या जागी गादीवर असलेले त्यांचे भाऊ शहाजी वारले, तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नाकारून राज्यच खालसा केलं. शस्त्र लंडनला पोचलं आणि जपलं गेलं. राजाचा अर्ज लंडनला पोचला आणि ऐकला गेला नाही. वाघनखांच्या प्रदर्शनात सांगण्याजोगी याहून मोठी गोष्ट कोणती?

ग्रँट डफच्या ग्रंथाची कथा तर या वादावर थेट प्रकाश टाकते. अफजलखानाच्या वधाला त्याने दगा ठरवलं. कॅप्टन डेव्हिड केपनने १८३० च्या सुमारास त्या ग्रंथाची मराठी बखर केली आणि ती शाळांतून शिकवली गेली. १८६७ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने पुण्यात त्या इतिहासावर टीकेचा निबंध वाचला. पुढे १८९८ पासून इतिहाससंशोधक राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनं’ छापायला घेतली आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. ग्रँट डफ म्हणतो म्हणून खरं मानायचं नाही, मूळ कागद दाखवा, या आग्रहातून मराठी इतिहाससंशोधन वाढलं. त्याच ग्रँट डफच्या घरातल्या डबीवरचा मजकूर आज आपण बिनशर्त पुरावा म्हणून स्वीकारणार असू, तर कीर्तने-राजवाड्यांची मेहनत पाण्यात गेली म्हणायची.

दुसरा आक्षेप भावनेचा: लोक दर्शनाला येतात, त्यांना शंका कशाला सांगायची? रांगेत उभा असलेला माणूस महाराजांसाठी येतो, पोलादाच्या पट्टीसाठी येत नाही, आणि महाराजांचा मोठेपणा चार नख्यांच्या अस्सलपणावर टांगलेला नाही. शंका लपवली तर उलट नुकसान होतं. उद्या ती बाहेरून कळली की संग्रहालयाच्या इतर पाट्यांवरचाही विश्वास उडतो. तिसरा आक्षेप असा की पुरावा नव्हता तर ती आणायचीच कशाला. आणायचीच, कारण ती १८१८ ची अस्सल साक्षीदार असण्याची दाट शक्यता आहे. फक्त पुराव्याची प्रत ओळखता आली पाहिजे. सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवलेली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार शेजारी ठेवून पाहा. तिच्या पात्यावर देवनागरीत रघुजींचं नाव सोन्याने कोरलेलं आहे. तिथे वस्तू स्वतः बोलते, इथे डबी बोलते. शाळेतल्या मुलांना हा फरक दाखवला, तर इतिहास म्हणजे काय हे त्यांना कुठल्याही धड्यापेक्षा लवकर कळेल.

तक्रार करायचीच तर ती वेगळीच आहे. सोहळा असला की मांडव, कमानी, दिवे. तो आटोपला की राज्याची संग्रहालयं पुन्हा आपापल्या धुळीत. साताऱ्यात संग्रहालय कुठे आहे विचारलं तर जवळच असूनही दोघे तिघे कंदी पेढ्यांच्या दुकानाकडे बोट दाखवतात. औंधला यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. तिथे रांग लागल्याचं ऐकिवात नाही. पाहुण्या वस्तूमुळे आलेला माणूस घरच्या वस्तूंपर्यंत पोचला नाही, तर तीन वर्षांच्या या पाहुणचारातून हाती काय उरणार?

म्हणून पुढच्या मुक्कामांवर संयोजकांनी तीन गोष्टी कराव्यात. डबीचा पूर्ण मजकूर मराठीत मोठ्या अक्षरांत लावावा आणि त्यातल्या चुका तिथेच दाखवाव्यात. शिवभारत आणि सभासद यांची वर्णनं शेजारी शेजारी मांडावीत. आणि १८१८ ते १८४८ या तीस वर्षांच्या साताऱ्याला स्वतंत्र दालन द्यावं, प्रतापसिंह आणि रंगो बापूजींसह. वाचकांनीही वाघनखांपुढे हात जोडावेत, त्यात वावगं काहीच नाही. पण बाहेर पडण्याआधी पाटी पूर्ण वाचावी, आणि पाटीवर शंका लिहिलेली नसेल तर अभिप्रायाच्या वहीत ती स्वतःच्या हाताने लिहावी.