रोजची टेकडी

माणसाला आयुष्यात पुष्कळ गोष्टी निवडाव्या लागतात. नोकरी निवडावी लागते, घर निवडावे लागते, भाजी तर रोजच निवडावी लागते. पण डोंगर निवडण्याचा प्रसंग किती जणांवर येत असेल? माझ्यावर तो गेल्या वर्षीच्या आषाढात आला.

निमित्त झाले रक्ताच्या एका कागदाचे. आमच्या डॉक्टरांनी तो चष्म्यावरून पाहिला, खाली ठेवला आणि ते म्हणाले, "सर, साखर वाढली आहे. गोड बंद, आणि रोज संध्याकाळी चढण चढा. तुमची ती शतपावली आता पुरायची नाही." वीस वर्षे मराठी शिकवीत असल्यामुळे 'चढण' या शब्दाला समानार्थी शब्द मला चटकन सुचले, प्रत्यक्ष चढण मात्र सुचेना. वर्ध्याच्या भोवताली काळी माती, कपाशी आणि दूरवर पसरलेली सपाटी. पुण्या-नाशिकच्या माणसाने खिडकी उघडली की डोंगर समोर उभा. आम्हाला तो शोधत जावे लागते.

मी शोधू लागलो. प्राध्यापकाचा शोध म्हणजे आधी वही. तीत उभ्या रेघा आखून मी रकाने पाडले: उंची, अंतर, निसर्गशोभा, पौराणिक महत्त्व. पहिला मान गिरडला दिला. बाबा फरीदांच्या दर्ग्याची ती टेकडी. एका व्यापाऱ्याने फकिराची थट्टा केली आणि त्याच्या साऱ्या मालाचे दगड झाले, अशी तिथली कथा. कथेला पैकीच्या पैकी गुण दिले. पण अंतर पन्नास किलोमीटरांच्या वर. दुसरे केळझर. नागपूरच्या वाटेवर, पंचवीसेक किलोमीटर. टेकडीवर गणपतीचे देऊळ. महाभारतातली एकचक्रनगरी ती हीच आणि भीमाने बकासुराला मारले ते इथेच, असे लोक सांगतात. माझा आहार पाहता ती जागा मला जवळची वाटावी हे साहजिकच होते. तिसरा बोरचा डोंगर. तिथली वनश्री उत्तम, परंतु २०१४ सालापासून तो व्याघ्रप्रकल्प आहे. दिवेलागणीला तिथे पायी हिंडणाऱ्याची साखर कायमचीच उतरायची!

वहीच्या तळाशी, केवळ यादी पुरी व्हावी म्हणून, मी आमच्या गावालगतची हनुमान टेकडी लिहिली. माथ्यावर मारुती, उंची सांगायलाही संकोच वाटावा इतकी. 'पौराणिक महत्त्व' या रकान्यात मी आडवी रेघ मारली.

निवड केळझरची झाली. आता फक्त जायचे राहिले. एका रविवारी पाऊस लागला. दुसऱ्या रविवारी पाहुणे आले. तिसऱ्या रविवारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आला. असे करता करता भाद्रपद उजाडला. वहीत तीन डोंगर होते आणि पायाखाली एकही नव्हता.

अशा एका सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. तो अमेरिकेत मिनियापोलिसला असतो. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याचा, स्कीइंगचा, नाद त्याला तिथे लागला आहे. माझी वही त्याला वाचून दाखवली, तेव्हा तो मोठ्याने हसला. "दादा, मीही अगदी हेच केलं होतं. पहिल्या वर्षी ठरवलं, जायचं तर सुपिरिअर सरोवराकाठच्या लुटसेनलाच. डोंगर खरा देखणा, पण गाडीनं चार तास. अख्ख्या हिवाळ्यात दोनदा गेलो. दोन्ही वेळा पडलो, आणि दुसऱ्यांदा जाईपर्यंत पहिलं शिकलेलं विसरलो."

मग त्याने शहराजवळची बक हिल नावाची टेकडी धरली. माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा उतार अवघा ३१० फुटांचा. डिसेंबरात तिकडे सूर्य साडेचारलाच मावळतो, म्हणून उतारावर मोठाले दिवे लावतात. बर्फ कमी पडला, तर पाण्याचे बारीक तुषार गोठत्या हवेत उडवून बर्फ तयार करतात. कचेरी सुटली की मंडळी थेट टेकडीवर; रात्री जेवायला घरी. १९५४ साली सुरू झालेल्या या टेकडीवरच लिंडसे व्हॉन लहानपणी शिकली. तीच पुढे २०१० साली व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकमध्ये डाउनहिलचे सुवर्णपदक जिंकली. तिचे गुरू एरिक सेलर हे जन्माने आल्प्सच्या देशातले, ऑस्ट्रियाचे. पण त्यांनी शिष्य घडवले ते या बुटक्या टेकडीवर. उतार लहान म्हणून खाली लवकर यायचे आणि दोरीला धरून लगेच पुन्हा वर जायचे. एका संध्याकाळी कितीतरी फेऱ्या होत.

"तेव्हा दादा," भाऊ म्हणाला, "डोंगर किती उंच ते विचारू नकोस. बुधवारी संध्याकाळी जाऊन परत येता येईल का, ते विचार."

फोनवरचे हे बोलणे माझी मुलगी ऐकत होती. ती तेव्हा बारावीला होती. सकाळी कॉलेज, दुपारी शिकवणी, रात्री अभ्यास. एका घरात राहूनही आमची भेट बहुधा जेवणाच्या ताटावरच व्हायची, आणि तिथेही मी विचारायचो गुण आणि ती सांगायची गुण. ती म्हणाली, "बाबा, सहा ते सात मी मोकळी असते. तेवढ्यात तुमचं केळझर होतं का?"

त्याच संध्याकाळी आम्ही हनुमान टेकडीवर गेलो. जिच्या उंचीचा मला संकोच वाटला होता, तिने मला वाटेत दोनदा बसवले. मुलगी वर जाऊन, मारुतीला नमस्कार करून परत माझ्यापर्यंत आली, तरी मी तिथेच! दुसऱ्या दिवशी एकदा बसलो. नवरात्रात बसणे थांबले. डिसेंबरात साडेपाचलाच सूर्य बुडू लागला, तेव्हा आम्ही विजेरी घेतली. मे महिन्यात सात वाजताही दगडांतून धग यायची, म्हणून पाण्याची बाटली घेतली. गावातल्या मंडळींनी टेकडीवर लावलेली झाडे पानगळीत पाहिली, पालवीत पाहिली. रोजचे चेहरे ओळखीचे झाले. दोन दिवस खंड पडला, की एक म्हातारबुवा हटकून विचारायचे, "काहून जी मास्तर, दिसले नाही?"

बापलेकींची पहिली पंधरा-वीस दिवस बोलणी अशी काही झालीच नाहीत. मी वाङ्मयावर काही सांगायचो, ती "हं" म्हणायची. मग ती हळूहळू बोलू लागली. वाटेवरचा काळा दगड उचलून एकदा म्हणाली, "बाबा, हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वितळलेला रस होता." ज्या टेकडीच्या रकान्यात मी रेघ मारली होती, तिचे पुराण महाभारताहून इतके जुने निघाले!

आणि पौषातल्या एका संध्याकाळी, शेवटच्या चढावर, ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाबा, मला डॉक्टर व्हायचं नाही. मला हे दगडांचं शिकायचं आहे."

दोन वर्षे आम्ही तिला डॉक्टर म्हणत होतो. शिकवणीची फी भरली होती, नातेवाइकांना सांगून झाले होते. चढ संपेपर्यंत मी बोललो नाही. तिला वाटले, बाबा रागावले. राग आला होता हे खरे. पण त्याहून मोठा दम लागला होता. माथ्यावर पोचेपर्यंत रागाचा दम संपला आणि माझा परत आला. खाली गावात दिवे लागत होते. मी विचारले, "कधीपासून ठरवलंस?" ती म्हणाली, "दिवाळीपासून. रोज सांगायचं म्हणून यायची, आणि रोज राहून जायचं."

मी आजही तो हिशेब करतो. केळझरला आम्ही एखाद्या रविवारी डबे घेऊन गेलो असतो, फोटो काढले असते, मजेत परतलो असतो. पण त्या एका रविवारी ती हे बोलली नसती. असली गोष्ट पहिल्या दिवशी ओठांवर येत नाही. ती यायला मागे पुष्कळ साध्या संध्याकाळी लागतात, आणि त्या फक्त जवळच्या टेकडीवरच मिळतात.

मुलगी या श्रावणात पुण्याला भूगर्भशास्त्र शिकायला गेली. माझी साखर उतरली आहे. डॉक्टर कागद पाहून मान डोलावतात. केळझर, गिरड वहीत आहेत, कधीतरी जाऊच. सहा वाजले की मी काठी घेऊन निघतो. आता वाटेत एकदा थांबतो, ते दमून नव्हे. त्या चढावर तिचा फोन येतो. ती विचारते, "बाबा, कुठपर्यंत आलात?"

दिवाळीला ती घरी येते आहे. पहिल्या संध्याकाळी कुठे जायचे, हे आम्हाला निवडावे लागणार नाही.