मेणातला तुकडा

प्रिय बाय,

तुझा निरोप वाचला. व्हॉट्सॲपवर दोन ओळींत सांगण्यासारखं हे नव्हे, म्हणून सरळ कागद घेतला. भावजींना नक्की काय झालंय, आपण मासे खाणारी माणसं म्हणून हे झालं का, आणि घरातल्या पोरांना धोका आहे का, असं विचारलंस. शेवटचा प्रश्न त्यांच्या लेकीनेही मला विचारला, स्वयंपाकघरात, आजूबाजूला कोणी नाही असं बघून. म्हणून त्याचं उत्तर आधी देते. भावजींच्या गाठीत जनुकाचा जो बदल सापडलाय, तो त्यांच्या यकृतातल्या पेशींत, त्यांच्या हयातीत झालेला आहे. तो आईबापांकडून आला नाही आणि लेकरांकडे जाणार नाही. या आजाराच्या थोड्या रुग्णांत बीआरसीएसारख्या जनुकात घराण्यातून आलेला दोष असतो; तशी शंका असली की डॉक्टर वेगळी रक्ततपासणी सांगतात. भावजींच्या बाबतीत तसं काही सांगितलेलं नाही. पोरीला हे समजावलं तेव्हा ती रडली, आणि मग जेवली.

आजार पित्तनळीच्या कॅन्सरचा. यकृतात तयार झालेलं पित्त ज्या नळ्यांतून आतड्यात उतरतं, त्यांच्या अस्तराला होणारा. भावजींची गाठ यकृताच्या आतल्या फांदीवर आहे आणि तिने मोठ्या नळीवर दाब आणला. आधी लघवी गडद झाली, शौचाचा रंग पांढुरका, मग अंगाला अशी खाज की रात्र रात्र डोळा लागेना. दुखत मात्र काहीच नव्हतं. न दुखणारी कावीळ म्हणजे साधी कावीळ, असं आगाशीत सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि गावठी औषधात काही आठवडे गेले. बाय, मला याचा फार राग येतो. पन्नाशीपुढच्या माणसाला न दुखता कावीळ झाली आणि खाज सुटली, तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी व्हायलाच हवी. मी आता भेटेल त्याला हे सांगत सुटले आहे.

माशांचं म्हणशील, तर तुझी भीती अगदीच हवेतली नाही. फक्त ती आपल्या किनाऱ्याची नाही. थायलंडच्या ईशान्येला, खोन केनच्या बाजूला, हा कॅन्सर जगात सर्वांत जास्त आढळतो. तिथे नदी-तळ्यातले मासे कच्चे खाण्याची जुनी रीत आहे. त्या माशांतून एक चपटा कृमी पोटात जातो, पित्तनळीत वर्षानुवर्षं ठाण मांडतो आणि नळीला कायमची सूज आणतो. पाचूबंदरला वलांडीवर वाळणारे बोंबील खाऱ्या पाण्यातले, आणि ते आपण भाजून-शिजवून खातो. तेव्हा भावजींच्या ताटातलं सुकं कोणी बंद करू नये. तेवढंच त्यांना गोड लागतं. यातली मला चकित करणारी गोष्ट वेगळीच आहे. २०१७ साली दहा देशांतल्या ४८९ पित्तनळीच्या गाठींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कृमीमुळे झालेल्या गाठी आणि आयडीएच-१ सारख्या जनुकांत बदल असलेल्या गाठी डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरूनही वेगळ्या दिसल्या. नाव एकच, आजाराच्या वाटा निराळ्या.

या खुणा म्हणजेच एपिजेनेटिक बदल. आपल्या बाई आठवतात ना? परीक्षेला नसलेल्या धड्यापुढे पेन्सिलीने ‘वगळा’ लिहून घ्यायच्या. धडा पुस्तकात तसाच, एक अक्षर पुसलेलं नाही, पण कोणी वाचत नाही. पेशीही जनुकांवर अशाच खुणा करते. मेथिल नावाचा छोटासा रासायनिक गट डीएनएवर चिकटवते आणि तेवढा भाग गप्प बसवते. नको असेल तेव्हा ती खूण काढायला ‘टेट’ नावाची विकरं असतात, तो तिचा खोडरबर. भावजींच्या गाठीत आयडीएच-१ या जनुकात बदल आहे. या जनुकाच्या प्रथिनात १३२व्या जागेवरचा एक घटक बदलला की ते आपलं नेहमीचं काम सोडून टू-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचं भलतंच रसायन तयार करत बसतं. टेटला कामासाठी जो पदार्थ लागतो, त्याच्यासारखंच हे दिसतं, त्याच्या जागी जाऊन बसतं, आणि खोडरबर निकामी होतो. मग ‘वगळा’च्या खुणा साचत जातात. पेशीला पक्व करणारे धडेच बंद पडतात. ती अर्धवट घडलेली राहते आणि विभागत सुटते. चूक एका ठिकाणची आणि परिणाम साऱ्या पुस्तकावर. मी इतकी वर्षं वर्गात डीएनए शिकवला, पण हे वाचून त्या रात्री जागीच राहिले.

आयव्होसिडेनिब नावाची गोळी त्या बिघडलेल्या प्रथिनालाच अडवते. अमेरिकेत तिला या कॅन्सरसाठी ऑगस्ट २०२१मध्ये मान्यता मिळाली. पण आकडे तुला खरे तेच सांगते. चाचणीत रुग्णांचा आजार पुढे सरकेपर्यंतचा मध्यक काळ गोळीवर २.७ महिने होता आणि औषध नसलेल्या गोळीवर १.४. म्हटलं तर किती थोडा फरक! पण सहा महिन्यांनी गोळी घेणाऱ्या सुमारे ३२ टक्के लोकांचा आजार जागच्या जागी होता, आणि दुसऱ्या गटात असा एकही नव्हता. काहींना ती फार लागू पडते, काहींना मुळीच नाही. गाठ क्वचितच लहान होते, बहुधा थांबते. भावजींना मी हेच शब्द सांगितले. ते म्हणाले, थांबली तरी चालेल.

सगळ्यांची गाठ आयडीएच-१ची नसते. यकृतातल्या पित्तनळीच्या गाठींपैकी दर दहांत एखाद-दुसरीच तशी. आणखी साधारण तेवढ्याच गाठींत एफजीएफआर-२ हे जनुक दुसऱ्या जनुकाला जोडलं गेलेलं असतं, आणि त्यावर पेमिगाटिनिब वगैरे वेगळ्या गोळ्या आहेत. तुकडा तपासल्याशिवाय गाठ कुठल्या जातीची ते कळतच नाही.

आणि इथेच मला तुझ्याशी मनापासून बोलायचंय. आधी केमोथेरपी, ती हरली तर या गोळ्या, असा क्रम असल्यामुळे लोक जनुक-तपासणी पुढे ढकलतात. तोवर माणूस खचतो, आणि तपासायला मांस उरत नाही. सुईने काढलेला तुकडा असतो तरी केवढा! आमच्या इथल्या एका लॅबमध्ये ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, मागायला गेले, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, रिपोर्ट दिलाय ना, ब्लॉक कशाला? हट्टाने घेतला. बोटभर लांबीची प्लास्टिकची चौकट, कडेला नंबर, वर पांढरं मेण आणि मेणात दोऱ्यासारख्या दोन फिक्या रेघा. तेच भावजींचं यकृत. त्यातून केसाहूनही पातळ काप काढतात, आणि प्रत्येक जादा तपासणीला काही काप खर्ची पडतात. पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून मी ते विरार लोकलच्या गर्दीतून दादरला, तिथून परळला टाटा मेमोरियलमध्ये नेलं. केमो सुरू होतानाच तपासणी पाठवली, म्हणून आज आपल्याला आयडीएच-१ माहीत आहे.

परळच्या टाटा मेमोरियलचं एक काम तर मी अभिमानाने सांगते. आपल्या देशात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, पित्ताशयाचा कॅन्सर फार. त्यातल्या काही गाठींत हर-टू हे प्रथिन वाढलेलं असतं, स्तनाच्या कॅन्सरमध्ये बघतात तेच. डॉ. विकास ओस्तवाल आणि सहकाऱ्यांनी पित्तमार्गाच्या आठशेहून अधिक रुग्णांत ते शोधलं. १३ टक्क्यांच्या आसपास सापडलं. त्यांतल्या ९० जणांना केमोसोबत ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध दिलं, आणि सहा महिन्यांनी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांचा आजार वाढलेला नव्हता. २०२४ साली ते छापून आलं. हर-टूची पहिली तपासणी काचपट्टीवर रंग चढवून होते, महागडं यंत्र लागत नाही, आणि ट्रास्टुझुमॅब आता भारतातही बनतं. परदेशी गोळीची किंमत ऐकून घर हादरतं. त्यामानाने ही वाट आपल्या लोकांना परवडण्याजोगी. असं संशोधन आपल्याकडे दसपट व्हायला हवं.

तुझ्या ऑस्लोचीही गोष्ट आहे बरं. तिथल्या संशोधकांनी पित्तामध्येच चार जनुकांवरच्या मेथिल खुणा शोधून पित्तनळीचा कॅन्सर लवकर ओळखण्याची पद्धत तयार केली आहे. पित्तनळीला जुनी सूज असलेले रुग्ण तुमच्याकडे तुलनेने जास्त, त्यांच्यावर ती तपासली. कधी विषय निघाला तर तिकडच्या डॉक्टरांना विचार, अशी तपासणी नेहमीच्या वापरात कधी येणार.

भावजींची केमो चालू आहे. पित्तनळी मोकळी ठेवणारा स्टेंट घातल्यावर खाज गेली, डोळे निवळले, आणि परवा पानवेलीच्या वाडीत जाऊन गड्याला ओरडून आले. गोळीची वेळ आली तर पैशांचं कसं जमवायचं, त्यासाठी टाटाच्या समाजसेवा विभागात अर्ज कसा करतात ते विचारून ठेवलंय.

एक काम तुझ्याकडे. तुझ्या विरारच्या दादाच्या पित्ताशयात खडे आहेत, आणि जेवल्यावर उजव्या बाजूला कळ येते म्हणून तो नुसता ओवा खातोय. खडे असणाऱ्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही, त्याला घाबरवू नकोस. पण दुखणारे खडे सर्जनला दाखवायलाच हवेत. माझं तो हसण्यावारी नेतो. रविवारी फोन करशील तेव्हा त्याच्याकडून तारीख घेऊनच फोन ठेव, आणि मला कळव.

तुझीच