पोर्तो नाही, पातूर ते रिसोड!

*समुद्रकाठची फॉरेन पदयात्रा हुकली आणि आम्ही दोघं पोहोचलो थेट वाशिम जिल्ह्यात, शेगावच्या पालखीमागे. चार दिवस, पायाला सहा फोड आणि एक जुनं भांडण.*

ऑफिसच्या पँट्रीत "आम्ही दोघं यंदा कामिनो करतोय" असं सहज सोडून दिलं की काय भाव वधारतो, म्हणून सांगू! पोर्तुगालमधल्या पोर्तोपासून अटलांटिकच्या काठाकाठाने उत्तरेला निघायचं आणि स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलपर्यंत चालत जायचं. अंतर साधारण २८० किलोमीटर. मध्ययुगापासून यात्रेकरू इथे पायी येतात. वाटेत मुक्कामाच्या ठिकाणी एका पासपोर्टवजा कार्डावर शिक्के मारून घ्यायचे आणि किमान १०० किलोमीटर चाललात, तर शेवटी प्रमाणपत्रही मिळतं. समुद्र, लाकडी पायवाटा, संध्याकाळी ग्रिल्ड मासे. आणि आम्ही दोघंच!

या 'दोघंच'चं महत्त्व कळायला थोडी पार्श्वभूमी हवी. लग्नाला तीन वर्षं झाली. मी पुण्यात, नवरा बंगळुरूत. महिन्यातून दोन वीकेंड भेट, आणि त्यातला एक हमखास एकाच विषयावर खर्च व्हायचा. कोणी कुणाकडे शिफ्ट व्हायचं? त्याला तिथे मॅनेजरची खुर्ची दिसत होती, मला इथे नुकतीच टीम मिळाली होती. दोन आठवडे समुद्राकाठी चालू आणि काय तो सोक्षमोक्ष लावू, असा आमचा 'प्रोजेक्ट प्लॅन' होता.

व्हिसाच्या अपॉइंटमेंटची तारीखच मिळेना. रजा मात्र मंजूर होऊन बसलेल्या. त्यात मालेगावहून मामाचा फोन. (नाशिकवालं मालेगाव नाही हं, वाशिम जिल्ह्यातलं!) माझं रडगाणं ऐकून तो म्हणाला, "चालाचंच हाय ना? मंग तिकडं समुद्रावर कायले जाता? महाराजांची पालखी आपल्या दारावरूनच जाते. या इकडं."

हसू नका, पण २०२५ च्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही खरंच गेलो.

पांढऱ्या रांगेमागे

वारी म्हटलं की पुण्या-मुंबईच्या डोळ्यांसमोर आळंदी आणि देहू येतात. विदर्भातून निघणारी ही पालखी शेगावच्या गजानन महाराजांची. महाराज १८७८ मध्ये शेगावात प्रकटले आणि १९१० मध्ये त्यांनी समाधी घेतली. ही पालखी दरवर्षी शेगावहून अकोला, वाशिम, हिंगोली, परभणी, परळी, अंबाजोगाई, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर असं करत आषाढीला पंढरपुरात पोहोचते. साधारण ७५० किलोमीटर आणि महिनाभराहून जास्त चाल!

आमचा वाटा त्यातला अगदी चिमूटभर. अकोला जिल्ह्यातल्या पातूरपासून मेडशी, डव्हा, मालेगाव, शिरपूर, म्हसला पेन करत रिसोडपर्यंत. साठ-सत्तर किलोमीटर असतील.

पहाटे पाचला पातुरात उभे राहिलो आणि पहिला धक्का बसला तो शिस्तीचा. नेमून दिलेले वारकरी पांढऱ्या कपड्यांत, भगव्या पताका खांद्यावर, टाळकऱ्यांच्या सरळ रांगा. मागे सामानाच्या गाड्या, पाण्याचा टँकर, डॉक्टर. आमच्यासारख्या ऐनवेळी आलेल्यांनी मागून किंवा कडेने चालायचं. 'गण गण गणात बोते' सुरू झालं आणि सगळा रस्ता एका ठेक्यात हलायला लागला.

फक्त आमचा ठेका जमत नव्हता.

घाटातलं भांडण

पातूरहून मेडशीकडे जाताना घाट लागतो. रस्ता म्हणजे अकोल्याहून वाशिम-हिंगोलीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१. चौपदरी, गुळगुळीत आणि नऊ वाजल्यापासून तव्यासारखा तापणारा. नवऱ्याच्या मनगटावर स्मार्टवॉच. दर किलोमीटरला ते थरथरायचं आणि हा पाय उचलायचा. माझ्या पायात नवे कोरे बूट. (पदयात्रेला नवे बूट घालणाऱ्या जगातल्या सगळ्या मूर्खांमध्ये माझा नंबर पहिला!)

"थांब ना जरा."

"तू जरा पटापट चल ना."

बास. पुढची दहा मिनिटं आम्ही दबक्या आवाजात तेच भांडलो, जे तीन वर्षं भांडत होतो. कोण कुणासाठी थांबतं, कोण कुणामागे येतं. फरक इतकाच, की या वेळी खरोखरच कुणीतरी थांबायचं होतं. तो थांबला नाही. मी हाकही मारली नाही. पताकांच्या गर्दीत त्याची निळी टोपी दिसेनाशी झाली. फोन लावला, तर नेटवर्क गायब.

मी एका मोरीच्या कठड्यावर बसून बूट काढले. शेजारी एक आजी येऊन टेकल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पायात साध्या स्लिपर.

"काहून वं माय, रडतं काहून?"

"नाही हो आजी, फोड आलेत."

"तुहा नवरा कोठी हाय?"

"गेला पुढे."

"माहाबी गेला," आजी आरामात म्हणाल्या. "नाही त मांगं असन. रातच्याले सापडते."

मी थक्क. तुम्ही एकत्र नाही चालत? त्या हसल्या. "दिवसभर एकाजागी चाललं, त रातच्याले बोलाव कायचं?" आणि पिशवीतून तेलाची बाटली काढली. "आन पाय इकडं. तेल लावून देतो." (हो, 'देतो'च. वऱ्हाडात बायकाही 'मी येतो, मी जातो'च म्हणतात. दोन दिवसांत मीही तसंच बोलायला लागले.)

मग आम्ही दोघी मिळून मेडशीपर्यंत गेलो. आजींच्या वेगाने, म्हणजे दर चहाला थांबत. आणि वाटेत काय काय नव्हतं! गावागावांत दारापुढे सडा-रांगोळ्या, थंड पाण्याचे माठ, केळी वाटणारी पोरं, बेसन-भाकर आणि ठेचा घेऊन उभी असलेली घरंच्या घरं. इकडे पिठल्याला बेसन म्हणतात, हेही तेव्हाच कळलं. कुणी नाव विचारलं नाही, आडनाव तर नाहीच. "जेवून घ्या" एवढंच.

उंबरठ्यावरच्या गप्पा

संध्याकाळी मेडशीत नवरा सापडला. एका मांडवात, हातात पंक्तीची बादली, घामाने निथळत, वरण वाढताना! पुढे पळत पळत हा इतक्या लवकर पोहोचला होता, की कुणीतरी सरळ कामाला लावलं. घड्याळ बंद पडलेलं. चार्ज करायचं त्याला सुचलंही नव्हतं.

आम्हाला मुक्कामाला एक घर मिळालं. मिळालं म्हणजे, मालकांनी हाताला धरून नेलं. बायका आत, पुरुष बाहेर ओट्यावर. म्हणजे 'कपल ट्रिप'चे बारा वाजलेच! जेवणं झाल्यावर मी उंबरठ्याच्या आत बसले, तो बाहेर. आणि आम्ही तासभर बोललो. त्याने चारशे लोकांना वरण वाढण्याचं टेक्निक सांगितलं. मी आजींचं सांगितलं. त्याला हसू आवरेना. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "घाटात थांबायला हवं होतं मी."

शेवटचं असं कधी बोललो होतो, ते आठवेना. रोज रात्री फोन असतोच. पण दिवसभर चॅटवर सगळं आधीच सांगून झालेलं असतं. उरतो तो एकच विषय.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम वेगवेगळे निघालो. डव्ह्याला नाथनंगे महाराजांचं संस्थान आहे. रथसप्तमीच्या यात्रेतल्या प्रचंड महाप्रसादासाठी ते पंचक्रोशीत प्रसिद्ध. मालेगावात मामाकडे रोडगे आणि वांग्याची भाजी. घरात तीस पाहुणे, त्यातले अर्धे मामीलाही अनोळखी. मी आत, नवरा गच्चीवर. रात्री जिन्यात भेटायचं, कॉलेजात असल्यासारखं!

बेचाळीस वर्षांचं कुलूप

तिसरा दिवस शिरपूरचा. इथलं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं जैन मंदिर देशभर माहीत आहे. काळी मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा. म्हणून नाव 'अंतरिक्ष'. पण पूजेच्या हक्कावरून दिगंबर आणि श्वेतांबर पंथांत वाद झाला आणि १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागलं. ते उघडलं थेट २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर.

बेचाळीस वर्षं! दोघांचंही त्याच मूर्तीवर प्रेम, आणि कुलूपही दोघांच्या वादापायी. मंदिराजवळच्या टपरीवर चहा घेताना आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही डोक्यात तेच आलं होतं.

"आपलं तिसरंच वर्ष आहे," तो म्हणाला.

"सुप्रीम कोर्टापर्यंत नको न्यायला," मी म्हणाले.

त्या टपरीवर पहिल्यांदा आम्ही 'त्या विषयावर' न भांडता बोललो. माझ्या टीमचं मला नेमकं काय आवडतं, हे त्याने विचारलं. बंगळुरूत घरी परतल्यावर कुलूप उघडताना कसं वाटतं, हे त्याने सांगितलं. हे मला माहीतच नव्हतं.

रिसोड, आणि परत

शेवटच्या दिवशी म्हसला पेनवरून रिसोडकडे. दोन्ही बाजूंना नांगरून-वखरून तयार ठेवलेली काळी रानं. मृग लागलेला आणि आभाळ कोरडं. हा सोयाबीन आणि तुरीचा मुलूख. बांधावरच्या एका शेतकऱ्याने पाणी दिलं आणि विचारलं, "पुण्यात पडला काय?" पुण्यात मे महिन्यातच धो धो कोसळला, हे सांगताना मला उगाच अपराधी वाटलं. आमच्याकडे पाऊस म्हणजे ट्रॅफिक जॅम आणि वर्क फ्रॉम होम. इथे बियाणं घरात आणून ठेवलेलं, आणि पेरायचं कधी, याचं उत्तर आभाळात.

रिसोडहून पालखी हिंगोली जिल्ह्यात सेनगावकडे गेली. आम्ही थांबलो. आजींना शोधलं. त्या भेटल्या, शेजारी त्यांचे आजोबाही होते. "सापडला काय वं?" त्यांनी विचारलं. मी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

परतीची गाडी समृद्धी महामार्गावरून होती. ७०१ किलोमीटर, नागपूर ते मुंबई साधारण आठ तासांत! जवळपास तेवढंच अंतर पालखीला महिना पुरत नाही. खिडकीतून वाशिम जिल्हा भराभर मागे गेला. चार दिवसांत पायाखालून गेलेलं सगळं तासाभराच्या आत संपलं.

मग निर्णय झाला का? अर्धा. त्याने महिन्यातले दोन आठवडे पुण्यातून काम करायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. वर्षभराने माझी बारी, असं ठरलंय. आणि हो, दिवसा चॅट बंद. जे काही सांगायचं, ते रात्री.

समुद्र? तो आहेच की. पोर्तोचं तिकीट काढू कधीतरी. तेव्हाही तो पुढे जाईल आणि मी मागे राहीन. रातच्याले सापडते!

जायचंय?

- कधी: आषाढी एकादशीच्या साधारण महिनाभर आधी पालखी शेगावहून निघते. तारखा तिथीप्रमाणे बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं वेळापत्रक बघूनच रजा टाका.
- कसं: रेल्वेने अकोला गाठा. तिथून पातूर, मालेगाव, वाशिमला एसटी आहेत.
- काय न्याल: जुने, रुळलेले बूट, टोपी, सुती कपडे, ओआरएस, पायाला लावायला तेल. घड्याळ घरी ठेवलं तरी चालेल.
- लक्षात ठेवा: ही ट्रेक इव्हेंट नाही. रांगा मोडू नका, न विचारता फोटो काढू नका, आणि कुणी "जेवून घ्या" म्हटलं तर नाही म्हणू नका.