मोटारीमागचा माणूस

मोटारगाडी कोणती घ्यावी हा विषय निघाला की आमच्या बुऱ्हाणपुरातील चांगले शिकलेसवरलेले गृहस्थही एकदम कारखान्यातल्या इंजिनिअरासारखे बोलू लागतात. लिटरमागे गाडी किती धावते, इंजिनाची ताकद किती, अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या दोन की सहा, या प्रश्नांचा खल आमच्या वकिलांच्या खोलीत तासन्‌तास चालतो. परंतु उलटतपासणीची सवय जडलेल्या माणसाने दोन-तीन प्रश्न अधिक विचारले की निराळीच हकीकत बाहेर येते. अमुक कंपनीची गाडी का नको? तर, "त्यांच्या वर्कशॉपात मला तीन तास बाकावर बसवून ठेवले." तमुक कंपनीचीच का हवी? तर, "वडील आजारी होते तेव्हा त्यांच्या माणसाने रात्री दहाला गाडी घरपोच आणून दिली." वादपत्रात इंजिन आणि साक्षीत माणूस, असा हा प्रकार आहे, आणि साक्ष हीच खरी, हे सांगायला वकील नको.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसिडर, वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कारखान्याची फियाट आणि मद्रासकडची स्टँडर्ड, एवढाच काय तो बाजार. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. ज्याच्या दाराशी गिऱ्हाईक हात जोडून उभे आहे त्या विक्रेत्याने गोड कशाला बोलावे? दुरुस्तीसाठी गावातला मिस्त्री असे. तो गाडीची नाडी पाहून, कानाने आवाज ऐकून निदान करी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि १९९१ नंतर परदेशी कंपन्यांना दारे उघडली, तेव्हा कोठे गिऱ्हाइकाला खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि निवडीचा त्रासही मिळाला. पुढे गाड्यांत विजेची उपकरणे आणि संगणक शिरले. आता नाडी पाहणाऱ्या मिस्त्रीचे चालेना. कंपनीच्याच अधिकृत वर्कशॉपाकडे जाणे भाग पडले. निवडीचे स्वातंत्र्य वाढले, पण विकत घेतल्यानंतरचे परावलंबनही त्याबरोबरच वाढले, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

बुऱ्हाणपूर म्हटले की दूरच्या वाचकाला मुमताज महल येथे १६३१ मध्ये निवर्तली एवढेच आठवते. आम्हां गावकऱ्यांना अधिक अभिमान आहे तो कुंडी भंडाऱ्याचा. अब्दुर्रहीम खानखानान येथे सुभेदार असताना, इ. स. १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी भूमिगत भुयारांतून शहराकडे आणले गेले आणि वाटेत शंभराहून अधिक कुंड्या खोदल्या गेल्या. शहरातल्या माणसाने सातपुड्यातला झरा कधी पाहिला नाही. त्याला ठाऊक ती आपल्या पेठेजवळची कुंडी. तिथले पाणी निर्मळ तर सारा भंडारा निर्मळ. मोटारीच्या व्यवहारात कारखाना हा असाच दूरच्या डोंगरात असतो. गुरुग्राम, पुणे किंवा चेन्नई येथे जे काही उत्तम घडत असेल ते आमच्यापर्यंत पोहोचते ते एका विक्रेत्याच्या कुंडीतून.

या कुंडीचे पाणी आमच्या घराने एकदा चाखले आहे. पहिली गाडी आम्ही शेजारच्या एका मोठ्या शहरातून घेतली. विक्रेत्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. घेताना आदरातिथ्याला सीमा नव्हती; गाडीला हार, चाकाखाली लिंबू, माझ्या आईच्या हाती नारळ, आणि किल्लीची भली मोठी प्रतिकृती धरून सर्व कुटुंबाचे छायाचित्र. सहा महिन्यांनी पुढच्या डाव्या चाकापाशी ब्रेक दाबताना कुरकुर ऐकू येऊ लागली. पहिल्या खेपेस सांगण्यात आले, "नव्या गाडीला असा आवाज असतोच." दुसऱ्या खेपेस सांगण्यात आले की आवाज येतच नाही. तिसऱ्या खेपेस, मला न विचारता, एक भाग बदलून बिल हातात ठेवण्यात आले. जुना भाग दाखवा म्हटले तर तो भंगारात गेला होता. आवाज मात्र गाडीतच राहिला होता. शेवटी आमच्या गावच्या एका मिस्त्रीने चाक उतरवून ब्रेकच्या पत्र्यात अडकलेला हरभऱ्याएवढा खडा काढून दाखवला, आणि पैसे घेतले नाहीत.

लक्षात घ्या, गाडीत काहीच खोट नव्हती. पुढे ती नऊ वर्षे मुकाट्याने धावली. तरीही ती बदलण्याची वेळ आली तेव्हा त्या कंपनीचे नाव घरात उच्चारण्याची सोय नव्हती. इंजिन निर्दोष, कारखाना निर्दोष. शिक्षा मात्र त्यांना. माझ्यातल्या कायदेपंडिताला ही गोष्ट फार दिवस खटकत होती.

कायद्याचे म्हणणे काय आहे ते पाहण्याजोगे आहे, आणि त्याचा दाखला आपल्या गोव्याचाच आहे. तेथील एका ग्राहकाने २०११ सालच्या बनावटीची गाडी म्हणून पैसे मोजले आणि विक्रेत्याने त्याच्या पदरात घातली ती २००९ सालची, सहाशेहून अधिक किलोमीटर धावलेली आणि खालून गंजलेली. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत सर्वांनी विक्रेत्याबरोबर टाटा मोटर्स या कारखानदारालाही जबाबदार धरले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी कारखानदाराला मोकळे केले. कारखानदार आणि विक्रेता यांचे नाते मालक आणि गुमास्ता यांचे नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आहे. विक्रेत्याच्या लबाडीची कारखानदाराला माहिती होती असे सिद्ध झाल्यावाचून त्याला दोषी धरता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. करारपत्र वाचणाऱ्याला यात वावगे काही दिसणार नाही. विक्रेता गाड्या घाऊक विकत घेतो आणि आपल्या जोखमीवर किरकोळ विकतो, हेच त्या धंद्याचे स्वरूप आहे.

परंतु गिऱ्हाइकाच्या मनात जे न्यायालय भरते, तेथे बरोबर उलटा निकाल लागतो. तेथे स्वतंत्र व्यापारी हा बचाव ऐकून घेतला जात नाही. दारावरची पाटी कंपनीची, कामगाराच्या छातीवरचे चिन्ह कंपनीचे, बिलाचा कागदही कंपनीच्या नावाचा. मग अपमान तेवढा परक्याचा कसा? बराच विचार केल्यावर माझा कौल या दुसऱ्या न्यायालयाकडे झुकतो. विक्रेत्याला निवडले कोणी? आपले नाव त्याच्या हाती दिले कोणी? आणि या नावाने आलेला नफा जर कंपनीला गोड लागतो, तर त्याच नावाने आलेली नाराजी तिने कडू म्हणून थुंकून टाकू नये. आपल्या देवस्थानांतही याचा अनुभव आहे. श्रींचे माहात्म्य कमी होत नाही हे खरे. पण दुरून आलेल्या कुळाव्याला अग्रशाळेत खोली नाकारताना कोणी तुसडेपणाने बोलले, तर तो पुढच्या वर्षी दुसऱ्या जत्रेची चौकशी करतो. व्यवस्थापक मंडळीला हे पुरते ठाऊक असते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वर्कशॉपातला गोड शब्द हा धंद्याचाही भाग आहे. नव्या गाडीच्या विक्रीत विक्रेत्याला सुटणारा नफा थोडका. त्याची खरी मिळकत सुटे भाग, दुरुस्ती, विमा आणि वरची सजावट यांतून. म्हणून हास्यवदनाने पुढे केलेला प्रत्येक कागद वाचावा. विमा कोणाकडून उतरवायचा हे ठरविण्याचा अधिकार गिऱ्हाइकाचा आहे. विक्रीच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना क्रमांक २१ वर, गाडी कोणत्या महिन्यात व कोणत्या वर्षी तयार झाली हे लिहिलेले असते. गोव्याच्या त्या गृहस्थासारखी पाळी येऊ नये यासाठी तेवढी ओळ तरी पाहावीच. आणि फसवणूक झालीच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही करता येते. गाडी इंदूरला किंवा जळगावला घेतली म्हणून तेथे खेटे घालावे लागत नाहीत. आमच्यासारख्या सीमेवरच्या गावाला ही सवलत फार मोठी आहे.

नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा आमच्यापुढे एक अट होती, आणि ती यंत्राची नव्हती. माझी आई फोंडा महालातून सून म्हणून या निमाडात आली. तिला ऐंशी उलटली आहेत; गुडघे आणि श्वास दोन्ही साथ देत नाहीत. रेल्वेच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. कवळ्याच्या शांतादुर्गेचे दर्शन पुन्हा एकदा घडावे, एवढीच तिची इच्छा. इच्छापूरच्या देवीला हात जोडून महाराष्ट्रात शिरावे आणि दोन दिवसांच्या प्रवासाने गोव्यात उतरावे, असा बेत. वाटेत गाडी अडली तर त्या वयाच्या बाईला रस्त्याच्या कडेला किती वेळ बसवणार? मी मुलांबरोबर तक्ते मांडत बसलो होतो. आईने ते पाहिले आणि आपल्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "गाडी न्हय रे पुता, मनीस पळय."

म्हणून आम्ही शोरूमची पायरी चढण्यापूर्वी वर्कशॉपांत गेलो. तीन कंपन्यांच्या, तीन सोमवारी सकाळी. सोमवारी गर्दी असते आणि गर्दीत माणसाचा स्वभाव उघडा पडतो. काचेच्या भिंतीआडून पाहता येण्याजोगे पुष्कळ असते. तक्रार लिहून घेणारा मान वर करून ऐकतो की नुसते लिहितो, काम वाढले तर आधी फोन करून विचारतात काय, बदललेला भाग परत देतात काय. पहिल्या ठिकाणी आमच्याकडे कोणी पाहिलेच नाही. दुसऱ्या ठिकाणी सर्वांनी पाहिले, परंतु गाडी विकण्यासाठी.

तिसऱ्या ठिकाणी एक वयस्क फोरमन होते. त्यांनी आईचे वय विचारले, प्रवास कोठला ते विचारले, आणि आम्ही मनात धरलेल्या उंच, महागड्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "वकीलसाहेब, ही गाडी उत्तम आहे, पण आजींना पाय एवढा उचलवणार नाही. आमच्याचकडची ती लहान गाडी बघा. बसताना त्यांना वाकावे लागणार नाही आणि चढावेही लागणार नाही." लहान गाडीची किंमत कितीतरी कमी होती. मग त्यांनी एका कागदावर आमच्या वाटेवरची कंपनीची वर्कशॉपे क्रमाने लिहून दिली आणि वर बजावले, "घाटात एसी बंद ठेवायची गरज नाही, कोणी सांगितले तर ऐकू नका." आमच्या घरातील सर्व तक्ते त्या क्षणी निकालात निघाले.

ते बोलणे खरे होते याचा पुरावा प्रवासात मिळाला. आई आपली आपण गाडीत बसली आणि कवळ्याला आपली आपण उतरली. देवीपुढे ती बराच वेळ उभी होती. परतीच्या वाटेवर झोपण्यापूर्वी तिने एवढेच विचारले की त्या फोरमनसाठी प्रसादाची वेगळी पुडी बांधली आहे की नाही. ती बांधलेली होती.

या प्रकरणाला पुढे एक शेपूट आहे, आणि तेही नमूद करणे न्याय्य होईल. माणूस पाहून गाडी घ्यावी, पण माणूस काही गाडीबरोबर घरी येत नाही. कंपन्या देश सोडून जातात; शेव्हरोलेची विक्री २०१७ मध्ये थांबली, फोर्डने येथील उत्पादन बंद करण्याचे २०२१ मध्ये जाहीर केले, आणि ज्यांनी विश्वासाने त्या गाड्या घेतल्या त्यांना सुट्या भागांची चिंता लागली. विक्रेते बदलतात. फोरमन निवृत्त होतात. आमचेही दोन वर्षांत निवृत्त झाले. तेव्हा माझ्या एका मित्राने विचारले, आता तुझा तो ब्रँड कोठे राहिला?

मागील महिन्यात सर्व्हिसिंगसाठी गाडी नेली होती. त्या जागी आता एक तरुण मुलगा आहे. आवाज हळू, हाताला ग्रीस. दुपारी त्याचा फोन आला. हवेची गाळणी बदलावी लागेल, इतके रुपये होतील, बदलू का, असे त्याने विचारले. संध्याकाळी गाडी ताब्यात घेतली तेव्हा मागच्या बाजूला वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली जुनी गाळणी ठेवलेली होती. हे तुला कोणी सांगितले, म्हणून मी विचारले. तो म्हणाला, "काकांनी शिकवलंय. जुना भाग गिऱ्हाइकाचा असतो."