मोझरीची खंजिरी

अमरावतीहून नागपूर रस्त्याने एस.टी.त बसले की तासाभरात गुरुकुंज मोझरी. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली स्थापलेला हा आश्रम. पुण्यतिथी महोत्सवानिमित्त येथे खंजिरी भजन स्पर्धा भरते. आम्ही सहकुटुंब गेलो.

जत्राच म्हणा! शिदोऱ्या, लेकरे, गावोगावची मंडळे. दवाने खंजिरीचे चामडे सैल पडते, म्हणून जो तो ती शेकत होता. शेकता शेकता एका पोरींच्या मंडळाची खंजिरी तडकली. पोरी रडवेल्या. पुढचा नंबर असलेल्या बायांनी आपली खंजिरी पुढे केली. (आमच्या वस्तीत असे घडेल?)

"तुमचा नंबर गेला तर?" आम्ही विचारले.

"जाऊ द्या ना जी, पोरी आपल्याच हायेत," म्हणत बाई टाळ्यांचा ठेका धरू लागल्या.