शेवटच्या स्टेशनच्या पुढचं स्टेशन

"आता उतरायचं नाही हं," दादाने माझ्या जॅकेटची बाही धरली.

न्यूयॉर्कच्या सबवेची सहा नंबरची गाडी. शेवटचं स्टेशन आलं होतं, 'ब्रुकलिन ब्रिज-सिटी हॉल'. हा शेवटचा थांबा, अशी घोषणा झाली आणि डबा भराभर रिकामा झाला. जन्मभर लोकलचे धक्के खाल्लेल्या मुंबईकर मुलीला शेवटच्या स्टेशनवर बसून राहणं जमतच नाही. माझा हात आपोआप बॅगेकडे गेला. तेवढ्यात दारं बंद झाली.

"उजव्या बाजूच्या खिडकीशी ये. आणि मोबाइल खाली ठेव, एक मिनिटसुद्धा मिळणार नाही."

गाडी डावीकडे वळायला लागली. चाकांचा कर्कश्श आवाज, बाहेर मिट्ट काळोख. आणि मग एकदम कमानी! एकीमागे एक, क्रीम, हिरव्या आणि तपकिरी टाइल्सच्या. पितळी झुंबरं. छतात रंगीत काचेची तावदानं. वर जाणारा जिना आणि त्यावरच्या कमानीत टाइल्सनी लिहिलेलं 'सिटी हॉल'. जाहिरात नाही, बाकडं नाही, फलाटावर चिटपाखरू नाही. पुन्हा काळोख. संपलं!

हे न्यूयॉर्कच्या पहिल्यावहिल्या सबवेचं शोपीस. २४ मार्च १९०० रोजी पहिली कुदळ इथेच, सिटी हॉलपाशी पडली. २७ ऑक्टोबर १९०४ ला पहिली गाडी सुटली तीही इथूनच. महापौर जॉर्ज मॅक्लेलन यांनी गाडी फक्त सुरू करून द्यायची, असं ठरलं होतं. पण साहेबांना इतकी मजा आली, की त्यांनी हँडल सोडलंच नाही. थेट १०३व्या रस्त्यापर्यंत गाडी त्यांनीच हाकली! संध्याकाळी पब्लिकला प्रवेश मिळाला, तिकीट पाच सेंट. तेव्हा आपल्या मुंबईत विजेची लोकलही नव्हती, ती आली १९२५ मध्ये. आणि भारतातली पहिली भुयारी मेट्रो कोलकात्यात धावली १९८४ मध्ये, म्हणजे बरोबर ऐंशी वर्षांनी.

स्टेशनचा नकाशा अगदी सोपा. गाडीने उलट दिशेला जाण्यासाठी घेतलेला एक गोल वळसा, त्यावर एकच रूळ आणि एकच फलाट, तोही धनुष्यासारखा वाकलेला. फलाटावरून जिना चढलं, की तिकीटघराचा घुमटाकार हॉल. तिथून आणखी वर गेलं, की थेट सिटी हॉलसमोरची बाग. वास्तुरचना हाइन्स अँड लाफार्ज यांची. कमानी ग्वास्ताविनो या मूळच्या स्पॅनिश बाप-लेकांच्या कंपनीच्या. पातळ टाइल्स थरावर थर देऊन सिमेंटने जोडायच्या, आणि तो सगळा डोलारा आपला आपणच उभा राहतो. दिवसाचा उजेड काचांमधून खाली यायचा. दुसऱ्या महायुद्धात त्या काचांवर डांबर फासलं गेलं.

मग एवढं देखणं स्टेशन बंद का पडलं? तर वळणामुळे. वाकलेल्या फलाटाला सरळ डबा लागतो, तेव्हा डब्याची दोन्ही टोकं फलाटाजवळ येतात आणि मधला भाग लांब राहतो. वाटीच्या आत फूटपट्टी धरून बघा, लगेच कळेल. जुन्या डब्यांची दारं टोकांना होती, तोवर ठीक चाललं. गर्दी वाढली, गाड्या लांब झाल्या, डब्यांना मधेही दारं आली. त्या मधल्या दारासमोर फलाट नाही, खड्डा! त्यात हाकेच्या अंतरावर ब्रुकलिन ब्रिजचं स्टेशन, तिथे एक्स्प्रेस थांबायची. इकडे दिवसाला जेमतेम सहाशे प्रवासी यायचे. त्यांच्यासाठी एवढी तोडफोड कोण करणार? ३१ डिसेंबर १९४५ ला स्टेशन बंद झालं.

मी हे सगळं वहीत उतरवत होते. दादा गप्प होता. त्याला इथे येऊन नऊ वर्षं झाली. या वर्षी त्याच्या कंपनीने त्याची अख्खी टीम घरी बसवली. एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली, की दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्याचा त्या दिवशी एकेचाळिसावा होता. मामीला अजून काहीच माहीत नव्हतं.

"स्टेशनमध्ये काही खराबी नव्हती गं," तो म्हणाला. "गाड्या बदलल्या."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. "पण पाडलं नाही ना?" एवढंच विचारलं.

पाडलं नाही. १९७९ मध्ये त्याला शहराच्या वारशाचा दर्जा मिळाला, २००४ मध्ये राष्ट्रीय यादीत नाव आलं. सबवे म्युझियमचे सभासद झालात, तर गाइडबरोबर फलाटावर उतरताही येतं. आणि तो वळसा तर एक दिवसही रिकामा नाही. सहा नंबरची गाडी अजूनही त्यावरूनच माघारी फिरते.

आमची गाडी पुन्हा ब्रुकलिन ब्रिजला लागली, या वेळी पलीकडच्या बाजूला. दादा उठला. "अजून एक राउंड?"

जिने चढून-उतरून आम्ही परत आधीच्या फलाटावर आलो. दुसऱ्या फेरीत मी वही बॅगेतच ठेवली. कमानी मागे पडल्यावर दादा म्हणाला, "आज रात्री आईला फोन करतो."

तर मंडळी, कधी न्यूयॉर्कला गेलात, तर जादा तिकीट लागत नाही. दिवसा जा, उजवी खिडकी पकडा. आणि सगळे उतरले तरी तुम्ही बसून राहा.