काफ्काचा किडा

याला भेटा. नाव ग्रेगोर साम्सा, कापडाचा फिरता विक्रेता. फ्रान्झ काफ्काने १९१२च्या अखेरीस प्रागमध्ये त्याची गोष्ट लिहिली आणि पहिल्याच वाक्यात त्याचा भलामोठा किडा केला. शाप नाही, उःशाप नाही, कुणा ऋषीचा कोप नाही. आपल्या पुराणांत दगड झालेल्यालाही कारण मिळतं. हा कारण विचारतसुद्धा नाही.

त्याला काळजी कसली, तर पाचची गाडी चुकल्याची! पोटाशी बारीक पायांची वळवळ चाललेली आणि याचा जीव हेडक्लार्क काय म्हणेल यात अडकलेला. इतका कामसू चमत्कार मी दुसरा पाहिला नाही. त्याचा दरारा मला इथेच जाणवतो. काफ्काने अशक्य अशी एकच गोष्ट घरात आणली. गजराचं घड्याळ, भाडेकरू, बापाचा गणवेश, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं. म्हणून तर आपल्याला पळायला वाट उरत नाही.

खाण्याचे नखरे बरेच. एकेकाळचं लाडकं दूध आता नको, ताजं काहीच नको. शिळं चीज मात्र चाटूनपुसून. छताला लटकायला फार आवडतं. आणि भिडस्त किती! बहिणीला आपण दिसू नये म्हणून चादर पाठीवर घेऊन कोचापर्यंत नेली, त्यात चार तास गेले. बापाने मारलेलं सफरचंद महिन्याहून जास्त पाठीत रुतून राहिलं, तरी घरच्यांबद्दल याची माया आटली नाही.

चित्र काढून घ्यायला मात्र सक्त मनाई. १९१५मध्ये पुस्तक निघताना काफ्काने प्रकाशकाला कळवलं की किडा काढायचा नाही, लांबूनही नाही. मुखपृष्ठावर आला तो तोंड झाकून घेतलेला माणूस आणि त्याच्यामागे अंधाराकडे उघडणारं दार. मला हा हट्ट पटतो. रेघेत सापडला की तो नुसता किडा होईल.

कादंबरीकार नाबोकोव्हने मात्र ऐकलं नाही. तो पडला कीटकांचा अभ्यासक. त्याने आपल्या प्रतीत किडा रेखाटला आणि विद्यार्थ्यांना सांगितलं, त्या फुगीर पाठीखाली पंख होते, ग्रेगोरला ते कधी कळलंच नाही. असतील. पण आईबापांचं मालकाकडचं कर्ज फिटायला अजून पाच-सहा वर्षं होती. ते टाकून उडणाऱ्यांतला तो नव्हे.